अदृष्टाचा माग

कर्म एका ठिकाणी घडावे आणि त्याचे फल दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या काळी, आणि पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी वाट्याला यावे, ही गोष्ट मनुष्याच्या बुद्धीला प्राचीन काळापासून अस्वस्थ करीत आली आहे. यज्ञ संपतो, आहुती भस्म होते, ऋत्विज दक्षिणा घेऊन आपापल्या घरी जातात, आणि ज्या स्वर्गासाठी हा सारा खटाटोप, तो तर यजमानाला मरणोत्तर मिळावयाचा. मग मधल्या काळात त्या कर्माचे सामर्थ्य राहते कोठे, हा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या शबरस्वामींपुढे उभा राहिला, आणि ‘अपूर्व’ नावाची एक न दिसणारी शक्ती मानून त्यांनी त्याचे उत्तर दिले. वैशेषिकांनी या कामी ‘अदृष्ट’ मानले, आणि त्याचा विस्तार तर इतका केला की लोहचुंबकाकडे सुई का धावते, मुळाशी घातलेले पाणी झाडाच्या शेंड्यापर्यंत कसे चढते, याही गोष्टी कणादाने अदृष्टाच्याच खात्यात जमा केल्या. ज्या काळी जितके दिसत होते, त्या काळी तितक्यावर रचलेला हा विचार होता, आणि त्यात लज्जास्पद असे काही नाही. परंतु आज मला ज्याचा विचार करावयाचा आहे तो प्रश्न असा, की कर्म आणि फल यांच्यामधली वाट जर जमिनीखालून जात असेल, ती कर्त्याला दिसत नसेल आणि भोगणाऱ्यालाही दिसत नसेल, तर त्या फलाची जबाबदारी कोणाची? आणि ती वाट पुढे कोणी दाखवून दिली, तर त्या दाखल्यापुढे आपल्या कर्मसिद्धान्ताने काय जबाब द्यावा?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादसभेतला नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराच्या परिसरात लाउझेन नावाचे एक गाव आहे. १८७२ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथे विषमज्वराची साथ उसळली. आठशेच्या आसपास वस्ती, आणि तीत सुमारे १३० माणसे अंथरुणाला खिळली. गावाला पाणी होते ते एका टेकडीच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या झऱ्याचे. ते सार्वजनिक हौदांत आणलेले असे. ज्या मोजक्या घरांना स्वतःच्या विहिरी होत्या त्या घरांत ताप शिरला नाही, हे ध्यानात आल्यावर बाझेलचे डॉक्टर हेग्लर यांचा संशय झऱ्यावर गेला. परंतु झरा तर स्वच्छ होता. टेकडीच्या पलीकडे, निराळ्याच खोऱ्यात, एक एकाकी शेतघर होते. तेथला शेतकरी जून महिन्यात प्रवासाहून परतला तो ताप घेऊन, आणि त्याच्या मागोमाग घरातली आणखी काही माणसे त्याच तापाने पडली. त्या घराजवळून एक ओढा वाहत होता. शौचकूपाचा आणि उकिरड्याचा निचरा त्या ओढ्यात होई, आजाऱ्यांचे कपडे त्यातच धुतले जात, आणि जुलैच्या मध्यावर त्याच ओढ्याचे पाणी फोडून कुरणांना देण्यात आले होते. मध्ये उभी टेकडी. एका खोऱ्यातल्या आजाऱ्याचा दुसऱ्या खोऱ्यातल्या गावाशी संबंध जोडावा असे डोळ्यांना दिसणारे तेथे काहीही नव्हते.

तरीही लोकांच्या आठवणीत एक गोष्ट होती. सुमारे दहा वर्षांपूर्वी त्या शेतघराच्या खालच्या अंगाला जमीन खचून एक विवर पडले होते; त्यात ओढा वळवला तेव्हा तो गडप झाला, आणि थोड्याच वेळाने लाउझेनच्या झऱ्याला पाणी वाढले. हेग्लरांनी त्या आठवणीवरच विसंबून न राहता तिची परीक्षा घेतली. विवरात पोत्यांनी मीठ विरघळवून ओतले, आणि काही तासांतच टेकडीच्या अलीकडे झऱ्याच्या पाण्यात ते मीठ उतरले. वाट सिद्ध झाली. मग त्याच विवरात पाण्यात कालवलेले पीठ ओतण्यात आले, तेही पोत्यांनी. त्याचा एक कणही अलीकडे आला नाही. म्हणजे वाटेत मातीचे आणि वाळूचे थर होते, पाणी त्यांतून चांगले गाळले जात होते, आणि तरीही रोग त्यांतून पार होत होता. विषमज्वराचा जंतू एबर्टने पाहिला तो १८८० साली. लाउझेनच्या साथीपर्यंत तो कोणाच्याही दृष्टीस पडलेला नव्हता. मला या दोन प्रयोगांची जोडी अत्यंत मोलाची वाटते. मिठाने संबंध सिद्ध केला, आणि पिठाने, केवळ न उतरून, हे सिद्ध केले की डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही.

अशा कामासाठी पाण्यात जाणूनबुजून सोडलेल्या द्रव्याला शास्त्रज्ञ ‘ट्रेसर’ म्हणतात. आपण त्याला मागद्रव्य म्हणू. त्याच्या अंगी कोणते गुण असावेत याचा विचार केला तर ते एखाद्या आदर्श साक्षीदाराचेच गुण आहेत, असे दिसून येते. ज्या पाण्यात ते सोडावयाचे, त्या पाण्यात ते पूर्वीपासून असता कामा नये, नाहीतर साक्ष कोणाची हेच कळणार नाही. वाटेतल्या मातीला ते चिकटून राहता कामा नये, वाटेत विघटन पावता कामा नये, अत्यंत विरल झाले तरी ओळखू आले पाहिजे, आणि ज्यांच्या पाण्यात ते उतरणार त्यांना त्यापासून कसलाही अपाय होता कामा नये. मीठ यांपैकी काही अटी पाळते, पण ते थोडेथोडके घालून भागत नाही. १८७१ साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसीन हा रंग तयार केला, आणि या विद्येला तिचे खरे साधन लाभले. त्याच्या क्षाराची तांबूस-नारिंगी भुकटी पाण्यात पडली की काही क्षणांत झळझळीत पोपटी-हिरवा रंग पसरतो. आणि तो इतका विरल झाला की डोळ्यांना दिसेनासा व्हावा, तरी योग्य प्रकाश टाकून यंत्राने पाहिले असता त्याचे अस्तित्व लपत नाही. पुढे अशी सोयही निघाली, की झऱ्याच्या तोंडाशी सक्रिय कोळशाच्या लहान जाळीदार पुरचुंड्या बांधून ठेवावयाच्या; पाणी रात्रंदिवस त्यांवरून वाहत राहते, आणि रंगाचा जो काही अंश येईल तो कोळसा धरून ठेवतो. पहारेकऱ्याला झोप लागली तरी पुरचुंडीला लागत नाही.

या रंगाची पहिली मोठी कसोटी लागली ती डॅन्यूब नदीवर. जर्मनीत इमेंडिंगेन गावापाशी ही नदी चुनखडीच्या भेगांत शिरते, आणि वर्षातले अनेक दिवस पुढचे पात्र कोरडे ठणठणीत पडते. तिथून सुमारे बारा किलोमीटर अंतरावर, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, आख नावाचा प्रचंड झरा आहे. त्याचे पाणी बोडेन सरोवरातून ऱ्हाईनला मिळते. वरच्या लोकांची तक्रार अशी, की आमची नदी खालचे लोक चोरतात. खालच्या लोकांना तर हा झराच जीवन होता, त्यावर त्यांच्या गिरण्या चालत. १८७७ सालच्या ऑक्टोबरात कार्ल्सरूहचे भूशास्त्रज्ञ आडोल्फ क्नोप यांनी इमेंडिंगेनपाशी दहा किलो फ्लुओरेसीन सोडले, आणि सुमारे साठ तासांनी आखचा झरा हिरवा झाला. काळ्या समुद्राला जाणाऱ्या नदीचे पाणी जमिनीखालून वळून उत्तर समुद्राकडे जाते, हे कोणालाही नाकारता येईना. मात्र वाट सिद्ध झाल्याने कज्जा मिटला नाही, तो खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला. व्युर्टेम्बर्ग आणि प्रशिया विरुद्ध बाडेन अशी फिर्याद शेवटी जर्मन राज्यसंघाच्या न्यायासनापुढे गेली, आणि १९२७ साली निर्णय झाला तो थोडक्यात असा, की निसर्गक्रमाने जेवढे पाणी मुरते तेवढे दोन्ही पक्षांनी सोसले पाहिजे, परंतु मनुष्याच्या हाताने त्यात भर घालण्याचा किंवा त्याला अटकाव करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ज्या क्षणी वाट दिसते त्या क्षणी कर्तव्य जन्माला येते, हे तत्त्व आपल्या गावगाड्यालाही अपरिचित नव्हते. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याची वहिवाट नोंदलेली आहे. गावात चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावयाचे. माग पलीकडच्या शिवारात शिरला की त्या गावच्या जागल्याने तो आपल्याकडे घ्यावयाचा आणि पुढे चालवावयाचा. आणि माग जेथे लागेल, त्या गावावर जबाबदारी येऊन पडे. माग शिवेवर आला असता ‘आम्हांला काही ठाऊक नाही’ असे म्हणून डोळे मिटण्याची मोकळीक कोणालाही नव्हती. पाण्यात सोडलेला रंग हा असाच एक जागल्या आहे; फरक एवढाच, की तो चोराकडून निघून ज्याची चोरी झाली त्याच्या दाराशी पोचतो, आणि त्याला शीव अडवू शकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विषमज्वराने अंथरुणाला खिळलेल्या लाउझेनच्या माणसाला कोणी म्हणाले असते, की हा तुझ्या पूर्वकर्माचा भोग, तर त्याला काय उत्तर देता आले असते? माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या शास्त्रांतच आहे. मीमांसकांचा एक सर्वमान्य दंडक आहे, की एखाद्या विधीचे दृष्ट प्रयोजन मिळत असेल तर अदृष्ट प्रयोजनाची कल्पना करू नये. यज्ञासाठी भात कांडावे असे सांगितले आहे. कांडल्याने तूस निघते हे डोळ्यांना दिसते, तेव्हा त्या कांडण्यातून काही गूढ पुण्य उत्पन्न होते असे मानण्याचे कारण नाही. हा दंडक त्यांनी विधीच्या प्रयोजनाविषयी घातला हे खरे, परंतु त्यातली बुद्धी कारणाच्या विचारालाही तितकीच लागू पडते. शेतघरापासून झऱ्यापर्यंतची वाट मिठाने दाखवून दिल्यावर, त्या गावच्या दुखण्याचे कारण म्हणून कोणाचे जन्मांतरीचे पाप पुढे करणे, हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. ते शास्त्राच्याच दंडकाचे उल्लंघन आहे. सुई चुंबकाकडे का धावते हे कळल्यावर ती गोष्ट अदृष्टाच्या खात्यातून वजा झाली, आणि त्यामुळे धर्माचे काही नुकसान झाले नाही. दूषित विहिरीही त्या खात्यातून वजा झाल्या पाहिजेत.

पण प्रश्न येथेच संपत नाही; तो आणखी खोल जातो. कर्मसिद्धान्त मानण्याची गरज आपल्या दर्शनकारांनी ज्या कारणाने सांगितली, ते कारण असे, की तो न मानला तर दोन दोष येतात: केलेल्या कर्माचे फल वाया जाणे, हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फल अंगावर येणे, हा अकृताभ्यागम. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात या दोषांचा आधार घेतला आहे. ईश्वराच्या न्यायात हे दोष असू शकत नाहीत, अशी त्यांची निष्ठा. परंतु जमिनीखालच्या पाण्याच्या व्यवहारात हे दोन्ही दोष आपण आपल्या हातांनी उभे करीत असतो. राजस्थानात उदेपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८८ साली तेथे एच-आम्ल नावाचे, रंगांच्या निर्मितीला लागणारे द्रव्य तयार होऊ लागले. ३७५ टन माल निघाला, आणि त्यापाठी २,४४० टन विषारी गाळ राहिला. तो उघड्यावर पसरला गेला, पावसाने त्यातला विषारी अंश जमिनीत मुरला, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी काळपट तांबडे होऊन माणसांच्या, गुरांच्या आणि पिकांच्याही उपयोगाचे राहिले नाही. तेथे निराळे मागद्रव्य सोडण्याची गरजच पडली नाही. विषच स्वतःचा रंग घेऊन चालत आले होते. माल विकून पैसा घेणारा एक, आणि पोहऱ्यात काळे पाणी पाहणारा दुसरा. कर्त्याच्या बाजूने पाहिले तर हा कृतनाश, आणि भोगणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर अकृताभ्यागम. ज्या दोषांचा आरोप विश्वाच्या नियंत्यावर येऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी एवढे तर्कशास्त्र उभारले, तेच दोष आपण आपल्या व्यवहारात राजरोस चालू द्यावे, आणि वर पीडितांना पूर्वजन्माचे दाखले द्यावे, यापेक्षा अधिक विपरीत गोष्ट मला सुचत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. टेकडीपलीकडच्या त्या शेतकऱ्याने मुद्दाम काही केले नव्हते; तो स्वतःच आजारी होता, आणि आपल्या ओढ्याचे पाणी डोंगर पोखरून जाते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मग तो दोषी कसा? बुद्धवचन असे आहे, की चेतना म्हणजे संकल्प, तेच कर्म होय. त्या न्यायाने शेतकरी निर्दोष ठरतो, आणि माझ्याही मनाला तो निर्दोषच वाटतो. परंतु संकल्पाची ही कसोटी जमिनीखाली पुरी पडत नाही, कारण भूजल दूषित करण्याचा संकल्प सहसा कोणी करीतच नाही. जो तो केवळ आपल्या दारातली घाण नाहीशी व्हावी एवढेच इच्छितो. येथे जैनांचा विचार अधिक उपयोगी पडतो. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली तिचा रोख प्रमादावर आहे: असावधपणे वागून प्राणहानी करणे ही हिंसा. पूर्ण दक्षतेने चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत एखादा जीव आला तर तो बद्ध होत नाही; बेपर्वाईने चालणारा, कोणी मेले नाही तरी, बद्ध होतो, असे जैन आचार्य सांगतात. आणि हा विचार त्यांनी पाण्याच्या बाबतीत प्रत्यक्ष आचारात आणला. पाणी गाळून घेणे सर्वांनाच माहीत आहे. परंतु गाळताना फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहिले असतील ते वाटेल तेथे न झटकता, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद परत पोचवावे, हा नियम पाळणारी कुटुंबे आजही आहेत. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचेही आपण देणे लागतो, आणि ते ज्याचे त्याला परत केले पाहिजे, एवढी जाणीव एका फडक्याच्या टोकावर सांभाळली गेली.

मागद्रव्याचे नैतिक महत्त्व मला येथे दिसते. ते अज्ञानाची जात बदलून टाकते. मीठ ओतण्यापूर्वीचे अज्ञान हे निरागस अज्ञान होते; मीठ झऱ्यात उतरल्यानंतरचे अज्ञान, आणि मीठ ओतून पाहणे शक्य असता न ओतण्यातले अज्ञान, हा प्रमाद आहे. बिछडीच्या प्रकरणी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून पाहणी करवून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जो निकाल दिला, त्यात तर याच्याही पुढचे पाऊल आहे: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली होती की नव्हती, हा प्रश्नच गौण, हानी झाली असेल तर ती भरून देणे आणि भूमी पूर्ववत करण्याचा खर्च सोसणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो खर्च वसूल व्हावा म्हणून २०११ सालीदेखील त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह पुन्हा हुकूम द्यावा लागला, ही गोष्ट अर्थातच निराळ्या प्रकारे बोलकी आहे. मनुष्याने केलेला कायदा येथे कर्मसिद्धान्ताचे काम करू पाहत होता, म्हणजे फल कर्त्याकडे परत नेऊ पाहत होता. आणि कर्त्याची सारी खटपट ते फल आपल्यापर्यंत पोचू नये अशी होती.

पाणी बाटण्याचा विषय निघाल्यावर महाराष्ट्रात लिहिणाऱ्याने महाडचे नाव टाळू नये. जर्मन न्यायासनाने डॅन्यूबचा निर्णय दिला त्याच वर्षी, १९२७ सालच्या २० मार्चला, डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथले पाणी प्राशन केले. त्या तळ्यावर इतर धर्मांच्या लोकांना मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता. तरी या माणसांच्या ओंजळीने ते बाटले असे ठरवून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या घागरी त्यात ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. विटाळाची ही कल्पना आणि लाउझेनचे दूषण या दोन्ही गोष्टी वरवर एकाच वर्गातल्या वाटतात, कारण दोन्हींत दोष डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्यांत भेद आहे, आणि तो निर्णायक आहे. हेग्लर यांनी आपला संशय परीक्षेला लावला. मीठ न उतरते तर त्यांना तो सोडावा लागला असता. विटाळ मानणाऱ्यांनी आपली समजूत कधीही परीक्षेला लावली नाही, कारण तिला वाटच नव्हती. हातापासून रोगापर्यंत, स्पर्शापासून हानीपर्यंत पोचणारा कोणताही मार्ग कोणी दाखवू शकत नव्हते. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९३७ साली तळ्यावरचा सर्वांचा हक्क मान्य केला. ज्या समाजाने माणसाच्या ओंजळीचा विटाळ मानला, त्याच समाजाने मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला, पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त किंवा विष टाकू नये, हा स्पष्ट निषेध मात्र सुखाने विसरून टाकला. नसलेल्या दोषाची शुद्धी आणि असलेल्या दोषाकडे दुर्लक्ष, असे हे दुहेरी अधःपतन होते, आणि ते संपले आहे असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

मागद्रव्याची साक्ष मोठी असली तरी ती कशी घ्यावी याचाही विवेक हवा. रंग झऱ्यात उतरला तर संबंध सिद्ध होतो; परंतु उतरला नाही तर संबंध नाही असे सिद्ध होत नाही. कदाचित तो मातीने धरून ठेवला असेल, कदाचित ज्या झऱ्यावर आपण पहारा ठेवला त्याऐवजी तो दुसऱ्याच ठिकाणी निघाला असेल, कदाचित त्याला पोचायला अजून पुष्कळ अवधी असेल. चुनखडीच्या भुयारांत पाणी तासांत डोंगर ओलांडते. वाळूच्या थरांत ते दिवसाला काही बोटे सरकते. महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भूमीखाली काळा पाषाण आहे, आणि त्यात पाणी राहते व वाहते ते मुरमाच्या थरांतून आणि खडकाच्या भेगांतून. या भेगा कोठे जुळतात आणि कोठे तुटतात हे वरून सांगता येत नाही, तरी शेजाऱ्याने बोअर मारली की आपल्या विहिरीचे पाणी ओढले जाते, हा अनुभव कोणत्याही शेतकऱ्याला विचारावा. जी भेग पाणी ओढून नेते ती भेग विषही आणून देऊ शकते. आणि जेथे गती मंद आहे तेथे फल भोगणारा माणूस कदाचित अद्याप जन्मलेलाही नसतो. त्याच्या पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की आपल्या या जन्मीच्या कृत्याची बाकी त्याच्या नावावर चढत आहे.

म्हणूनच मला या विद्येतली सर्वांत उदात्त प्रथा वाटते ती पाण्यात रंग सोडण्याची नव्हे, तर स्वतःच्या द्रवावर आधीच खूण करून ठेवण्याची. इंधनाच्या किंवा रसायनांच्या ज्या टाक्या जमिनीखाली पुरलेल्या असतात, त्यांच्यासाठी अशी पद्धत निघाली आहे, की टाकीतल्या द्रवात एखादे सहज वायुरूप होणारे, निसर्गात न आढळणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळावयाचे आणि टाकीभोवतीच्या मातीत बारीक नळ्या पुरून ठेवावयाच्या. मातीतली हवा अधूनमधून ओढून तपासली, आणि तीत ते द्रव्य सापडले, की टाकी गळते हे कळते. आणि शेजारी शेजारी अनेक टाक्या असतील तर प्रत्येकीत निराळे द्रव्य घालतात, म्हणजे गळती कोणत्या टाकीची याविषयी संशय उरत नाही. या व्यवस्थेत फिर्यादीची वाट पाहिली जात नाही. गळण्यापूर्वीच कर्ता आपल्या कर्मावर आपली सही करतो आणि म्हणतो, की हे जर कोठे बाहेर पडले तर ते माझे आहे हे ओळखता यावे. कर्मसिद्धान्ताचा याहून शुद्ध आचार मला तरी कल्पिता येत नाही. तो सिद्धान्त ज्याने त्याने प्रथमपुरुषी एकवचनात उच्चारावा यासाठी होता: मी केले, म्हणून मी त्याचा देणेकरी. तोच जेव्हा द्वितीयपुरुषी उच्चारला जातो, ‘तू केले असशील, म्हणून तू भोगतोस’, तेव्हा तो निर्दयतेचे हत्यार बनतो.

आपल्या धर्मशास्त्राने यज्ञयागादी इष्ट कर्मांच्या बरोबरीने पूर्त कर्मांना मान दिला. विहीर खोदणे, तळे बांधणे, पाणपोई घालणे यांना पुण्य सांगितले, आणि महाराष्ट्रातल्या किती तरी बारवा, आड आणि तळी याच श्रद्धेतून उभी राहिली. ज्या काळी पाणी वर काढणे हेच अवघड होते त्या काळी हे पुण्य विहीर बांधून पुरे होत असे. आता त्या विहिरीला पाणी कोठून येते आणि वाटेत त्यात काय मिसळते, हे शोधून काढल्यावाचून ते पुरे होत नाही. ज्या देवस्थानांकडे आणि संस्थानांकडे आज पूर्तधर्मासाठी द्रव्य आहे, त्यांनी आपल्या पंचक्रोशीतल्या विहिरींचा माग काढण्यास ते लावावे, आपल्या स्वतःच्या धर्मशाळांचे आणि अन्नछत्रांचे सांडपाणी कोठे मुरते याची परीक्षा सर्वांआधी करावी, गावकऱ्यांना आगाऊ सांगून, निरुपद्रवी द्रव्य वापरून, आणि जो निष्कर्ष निघेल तो आपल्याला अडचणीचा असला तरी चावडीवर वाचून दाखवून. आणि ज्यांच्या कारखान्यांतून काही जमिनीत मुरते किंवा बोअरवाटे जमिनीत सोडले जाते, त्यांनी पापपुण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी त्या द्रवात आपली खूण मिसळण्याची तयारी दाखवावी. ती तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याने देवळाला सोन्याचा कळस चढवला तरी तो कर्मसिद्धान्त मानतो असे म्हणता येणार नाही.